जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला चालेल का?

चालेल की! साटा (डिस्क जोडायची आताची पद्धत) असेल तर दोन वायरी जोडा, एक डेटाची नि एक विजेची, झालं. मागे ४० पिनांची रुंद पट्टी लागत असेल तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची. नव्या मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर, तिला जागाच नसते.

जोडूनही दिसली नाही तर बोर्डाचं पुस्तक बघा. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी चिपांची वेगवान डिस्क) लावली की एखादं साटा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, बंद होतं. इथे इंदूरला भाच्याचा पीसी जोडताना मी तासभर वायरीच बदलत बसलो, ताई दोनदा चहा ठेवून गेली. शेवटी पोर्ट बदललं नि डिस्क हजर!

विंडोज एसएसडीवर नव्यानं टाका. तेवढा वेळ जुनी काढून ठेवा, नाहीतर चुकून तीच फॉरमॅट व्हायची. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळं, म्हणजे सावध राहायची खूण, दिसलं तर आधी फोटो दुसरीकडे उतरवा.