बेडरूमला फिकट ग्रे की क्रीम?

प्रश्न: आमच्या बेडरूमला एकच खिडकी आहे आणि थेट ऊन कधीच येत नाही. शेड कार्डवरून दोन रंग काढलेत, फिकट ग्रे आणि क्रीम. मला ग्रे आवडलाय, मिस्टर म्हणतात क्रीमच. ग्रेने खोली अंधारी वाटेल का?

उत्तर: ताई, तुमच्या खोलीला मी क्रीमच सांगेन. ऊन येत नाही तिथे आत येतो तो नुसता आकाशाचा उजेड, तो निळसर असतो, आणि फिकट ग्रेमध्ये बहुतेक वेळा निळी नाहीतर जांभळी झाक दडलेली असते, ती अशा उजेडात वर येते आणि दुकानात इतका सुंदर दिसलेला रंग भिंतीवर गार, उदास वाटायला लागतो. क्रीममधला पिवळेपणा हा निळसरपणा बराच मारतो. झाक बघायची तर कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, लगेच कळते.

अंधाराचं म्हणाल तर दोन्ही शेडचा एलआरव्ही विचारा. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा हा आकडा, 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. ग्रे 60 च्या खाली असेल तर या खोलीत नकोच.

पण रात्रीचंही बघा हं, बेडरूम आहे. 2700 केल्विनचा पिवळा बल्ब असेल तर क्रीम जरा जास्तच पिवळं दिसतं आणि ग्रे उलट छान निवळतो, 6500 च्या पांढऱ्या लाइटमध्ये ग्रे अजून गार होतो.

म्हणून सॅम्पलचे छोटे डबे आणा आणि भिंतीवर न लावता दोन बाय दोन फुटाच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, कारण जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग नेहमी फसवतो. पूर्ण वाळू द्या, ओला इमल्शन वेगळाच दिसतो. मग दोन्ही पुठ्ठे खिडकीजवळ, कोपऱ्यात, पलंगामागे असे फिरवत सकाळी, दुपारी आणि लाइट लावून बघा, मिस्टरांनाही दाखवा. चारही भिंतींना लागला की रंग एकमेकांवर पडून अजून गडद वाटतो, तेव्हा दोन शेडमध्ये अडलात तर फिकट घ्या. सीलिंग पांढरंच ठेवा.

आणि ग्रे मनातून जातच नसेल तर पिवळसर झाकेचे ग्रेही मिळतात, तो मागून बघा, कदाचित दोघांनाही पटेल.