आधी पाय, मग नाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर मोबाइलवर विम्बल्डनच्या टेनिस सामन्याचा सट्टा पुढं करून तू विचारलंस, "काका, १.२५ चा भाव, पक्का आहे ना?" म्हणजे रुपया लावून जिंकलास तर सव्वा रुपया हातात. चारचौघांत बोलता येईना, म्हणून हे पत्र.

पक्का म्हटलं की मला २०१३ आठवतं. ९ जूनला नदाल पॅरिसच्या मातीवर आठव्यांदा जिंकला. २४ जूनला विम्बल्डनची पहिली फेरी, समोर जागतिक क्रमवारीत १३५ वा डार्सिस. मधल्या पंधरा दिवसांत नदाल गवतावर एकही स्पर्धा खेळला नव्हता. मला हे ठाऊक होतं रे! तरी नाव बघितलं. सरळ तीन सेटमध्ये तो गेला आणि माझ्या स्कूटरचा हप्ताही. घरी सांगितलं, पेढीवर पगार थकलाय.

खासबागच्या तांबड्या मातीतला पैलवान मॅटवर उतरला की आधी चाचपडतो, बघितलंयस ना? तेच इथं. मातीवर घसरत जाऊन फटका मारता येतो. गवतावर तसं केलं तर बहुतेकजण आपटतात. मातीवर खांद्याला येणारा चेंडू इथं कमरेला, स्लाइस, म्हणजे कापून मारलेला चेंडू, तर गुडघ्याखालीच. पहिल्या आठवड्यात गवत कोवळं, निसरडं. पुढं बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, ते झिजून माती उघडी पडते, तेव्हा कुठं पाय धरतो. म्हणून पहिल्या फेरीत आधी पाय बघ. वाकतोय का? पावलं बारीक पडतात का? आधी पाय, मग नाव. किती वेळा सांगू?

दोघांची सर्व्हिस भारी असली की ती मोडत नाही, म्हणजे ज्याची सर्व्हिस तोच गेम जिंकतो, मग सेट टायब्रेकवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर, जातो आणि एक-दोन गुणांत निकाल फिरतो. २०१९ च्या विम्बल्डन फायनलला फेडररचे गुण २१८, जोकोविचचे २०४. कप कुणी नेला? जोकोविचनं! आणि तुझा १.२५: पाचातले चार बरोबर आले तर नुसतं मुद्दल परत. केलायस हिशेब?

ऑनलाइन पैसे लावायला २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, ओळखीचा बुकीही कायद्यात बसत नाही. वहीत लाव. तारीख, भाव, पाय कसे वाटले, सगळं लिही. मी जुगारी नव्हतो, माझ्याकडं अशी वही होती. फक्त त्या दिवशी उघडली नाही.

रविवारी वही घेऊन ये. काकूसमोर स्कूटरचा विषय नको, तिला अजून पगारच थकला होता असं वाटतंय.

तुझा,
काका