नुसता अंगठा आला म्हणजे तो रागावलाय का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न कितीदा ऐकला ते मोजलंच नाही. सून व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवते, साहेब ओकेच्या पुढे टिंब देतात, मैत्रिणीनं हार्ट द्यायचं बंद केलं. गोव्यात, फोंड्याला मी समुपदेशन करते, माझ्याकडे पूर्वी दारू, सासू, जमिनीची भांडणं असे विषय यायचे, ते आहेतच म्हणा, पण आता बसायच्या आधी मोबाईल पुढे करणारेही बरेच.

त्यातल्याच एक, डिचोलीकडच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा बोटीवर, किचनमध्ये. "मॅडम, चवथीला माटोळीचा फोटो पाठवला, नेवऱ्यांचा पाठवला, आणि ह्यानं काय केलं? अंगठा! आईला अंगठा दाखवतो!" (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास, नेवऱ्या म्हणजे करंज्या.)

पहिले दोन-तीन वेळा मी फक्त ऐकलं. मग एकदा म्हटलं, हा अंगठा मोठ्यानं वाचून दाखवा बघू.

"अंगठा कसा वाचणार?"

"तुमच्या मनात वाजतो तसा."

त्यांनी मान फिरवली आणि तुटकपणे म्हणाल्या, "बरं."

"हा आवाज मुलाचा?"

बराच वेळ काही नाही. पंखा तेवढा फिरत होता. मग हळूच, "ह्यांचा." नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालीत, भांडण झालं की ते एवढंच बोलायचे आणि मग आठ-आठ दिवस अबोला. म्हणजे मुलगा बिचारा हजारो मैलांवरून अंगठा दाबतोय आणि इथे तो बापाच्या आवाजात ऐकू येतोय! इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर जरा खूश होते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विचारसरणी मानणारी. घटना आणि दुःख यांच्या मधे आपण लावलेला अर्थ बसलेला असतो असं तो सांगतो. चित्राला तर आवाजच नसतो, मग आपल्याकडचा जुना आवाज आपण त्याला उसना देतो.

पण हे अर्धंच झालं. मग ताईंना त्यांनी स्वतः मुलाला पाठवलेले मेसेज वाचायला लावले. "नाही आलास तरी चालेल, आम्हाला सवय आहे", पुढे हसरा चेहरा. "जेवण गेलं नाही आज", पुढे हसरा चेहरा. 1982 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमननं कोलन, डॅश, कंस असा आडवा हसरा चेहरा सुचवला तो कशासाठी, तर हा विनोद आहे हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. आणि आमच्या ताई तो रडगाण्याला चिकटवत होत्या. मुलानं हसरा चेहरा बघितला, आई मजेत आहे समजला, अंगठा दिला. त्याचं काय चुकलं?

म्हणून सगळ्यांनाच सांगते, दुखलं असेल तर शब्दात लिहा आणि त्याच्या शेपटीला हसरं तोंड लावू नका. अर्थ लागत नसेल तर सरळ विचारा, "अंगठा म्हणजे येतोयस की नुसतं वाचलंस?" व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून मेसेजवर बोट दाबून धरलं की सहा चिन्हं समोर येतात, त्यात अंगठा पहिला, कामाच्या घाईतला माणूस तोच दाबणार, त्यात प्रेम मोजत बसू नका. मात्र भरभरून लिहिणारा कोणी अचानक गप्प झाला तर चिन्हांचे अर्थ लावत बसू नका, सरळ फोन करा.

ताईंनी माझ्यासमोरच टाईप केलं, "चवथीला तुझी फार आठवण आली. अंगठा बघून वाईट वाटलं." पाठवायच्या आधी बोट सवयीनं हसऱ्या चेहऱ्याकडे गेलं, ते त्यांनी मागे घेतलं.

पुढच्या वेळी सांगत होत्या, रात्री उशिरा उत्तर आलं. "आई, ड्युटीवर फोन काढला की ओरडतात, लपून बघतो, तेवढ्यात एकच बोट चालतं. नेवऱ्या ठेवल्यास का?"

"मग तुम्ही काय पाठवलंत?"

"अंगठा," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.