पेडण्यातल्या मरडावर (उंच, उताराच्या जमिनीवर) भुईमुगात पिवळी ‘रानमोहरी’ माजली आहे. तिचं बी जमिनीत कैक वर्षं जिवंत राहतं असं वाचलं. दुकानदार टू-फोर-डी मारा म्हणतो, मारू का?

टू-फोर-डी आधी बाजूला ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. ते रुंद पानांच्या तणांवरचं औषध आहे आणि भुईमूगही रुंद पानांचाच. तणाबरोबर पीकही जाईल. शिवाय पावसाळी वाऱ्याबरोबर फवारा शेजारच्या उतारावरच्या भेंडी-दोडक्यावर गेला की भांडण ठरलेलं.

आता तुमची धास्ती. बी जमिनीत कैक वर्षं जिवंत राहतं असं तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते थंड देशांतल्या, गहू-कनोलाच्या शेतातल्या रानमोहरीबद्दल. गोव्यात मी तरी ती पाहिलेली नाही. तुमच्याकडे आहे ती बहुतेक पिवळी तिळवण. शेतात जाऊन खोड चिमटीत धरा. बोटं चिकट झाली, वर उग्र वास राहिला, तर तिळवणच. पान एकाच देठावर तीन किंवा पाच छोट्या पानांचं. मोहरीच्या फुलात पुंकेसर सहाच असतात, हिच्यात बरेच जास्त. शेंगाही बारीक लवेच्या, वर उभ्या. (बी फोडणीला घालतात. पाल्याचा रस कानात घालायचा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका.)

जूनमध्ये पेरलेल्या भुईमुगाच्या आऱ्या (फुलानंतर मातीत घुसून शेंग धरणारे देठ) ऑगस्टपर्यंत मातीत गेलेल्या असतात, म्हणून आता कोळपणी नको, तिळवण हातानेच उपटा. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट सहज येते. तिच्या शेंगा पिवळ्या पडण्याआधी हे झालंच पाहिजे. शेंग टोकाकडून उकलते आणि बी तिथेच सांडतं. फुलोऱ्यातली झाडं बांधावर वाळवली तरी चालतील, शेंगा धरलेली मात्र शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका.

पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर लगेच पेरू नका. तण उगवू द्या, मग पॉवर टिलर वरवर फिरवून पेरा. मजूर मिळत नसतील तर पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल्या जमिनीवर पेंडिमेथॅलिन हे तणनाशक. ते बी रुजतानाच काम करतं, उभ्या तणावर उपयोग नाही. मात्रा डब्यावरची. तरीही खात्री वाटत नसेल तर झाड फुला-शेंगांसकट पिशवीत घालून विभागीय कृषी कार्यालयात न्या, नुसत्या फोटोवरून चिकटपणा कळत नाही.