इंदूरमध्ये घरी येऊन टायर बदलून देणाऱ्याला बोलवावं का?

तुम्ही बंगळूरला, आईबाबा रामबागेत, बाबांचं वय 72. गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत नाहीतर राजवाड्यापर्यंत जाते आणि टायर सहा वर्षांचे झालेत. टायरच्या दुकानात त्यांना ताटकळत बसवायचं नाही, म्हणून घरी येऊन बसवून देणाऱ्याला बोलवावं का, असं विचारलंय तुम्ही.

बोलवा. मी सुदामानगरात राहतो, दोनदा बोलावलंय. पहिल्यांदा पस्तावलो, आणि त्यात अर्धी चूक माझीच होती, कारण मी ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत बसलो होतो.

तेव्हा झालं असं. छोट्या टेंपोत जनरेटर, कॉम्प्रेसर आणि टायर काढायचं मशीन घेऊन दोन पोरं आली. दीड तासात चारही टायर बसवून, हवेच्या बंदुकीने टर्रर्र करत नट आवळून मोकळी झाली. मी खूश. चार महिन्यांनी उज्जैनहून परत येताना सांवेरजवळ टायर बसला. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. नट मात्र जागचा हलेना. पान्यावर अक्षरशः उभा राहिलो, तर पानाच वाकला. शेवटी एका ट्रकवाल्याने पान्यात हातभर लांब पाइप घालून नट काढले, त्यातला एक बोल्टासकट तुटून हातात आला.

लहान गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर इतकेच आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हिशोबाने बघितलं तर फूटभर लांब पान्याच्या टोकाला तीस-पस्तीस किलोचा जोर, म्हणजे बाबांनाही जमेल एवढा. बंदूक बेतानं न चालवणाऱ्याच्या हातात हाच आकडा दुपटीच्या पुढे सहज जातो. म्हणून फोनवरच विचारा, ‘टॉर्कवाला पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) आहे का?’ हो म्हणाला तर उत्तम. नसेल तर बंदुकीने नुसते टेकवून घे आणि शेवटचं आवळणं हाताने कर, समोरासमोरचे नट आळीपाळीने, म्हणून सांगा. गाडी जॅकवरून उतरल्यावर मगच. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा परत तपासायचं. बाबांच्या हिशोबाने त्याला काही महिने लागतील, तेव्हा आठवणीने फोन तुम्हीच करा.

फोनवरचा दुसरा प्रश्न बॅलन्सिंगचा. मशीन टेंपोत असतं, पण प्रत्येकाच्या नाही. चाक फिरवून कुठे किती ग्रॅमचा तुकडा लावायचा हे ते दाखवतं. ते केलं नाही तर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. रामबागेतून राजवाड्यापर्यंत तो वेग कुणालाच मिळत नाही, त्यामुळे बाबांना कळणारही नाही. कळेल तुम्हाला, दिवाळीत येऊन गाडी बायपासवर काढाल तेव्हा.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, मात्र कुणीही घरी करून देतो म्हणाला तर ऐकून सोडून द्या. त्याला सपाट रॅम्प लागतो, चारही चाकांचे कोन एकत्र मोजावे लागतात, ते गेटसमोर होत नाही. जुने टायर सारखे झिजले असतील तर घाई नाही. आतली किंवा बाहेरची एकच कड खाल्ली गेली असेल, तर नवे टायरही तसेच जातील. मग आठवड्याभरात कुणाकडून तरी गाडी दुकानात पाठवाच.

आता टायरचं वय. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. 1425 असेल तर 2025 सालचा चौदावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे वापरूच नका, असं टायरवाल्या कंपन्याच सांगतात. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. रबर त्यांच्याबरोबरीला आलं की टायर संपला. बाबांच्या गाडीचे तिथवर झिजले नसतील, पण बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर बदला. उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतोच. नव्या टायरची तारीखही बसवायच्या आधी बघा. पीथमपूर इथून तासाभरावर आणि त्याच्या शेजारी खेड्याला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, तरी म्हणून आपल्याकडे टायर ताजाच मिळतो असं काही नाही. कुठल्याही कंपनीचा असो, गोदामात किती दिवस पडून होता ते त्या चार आकड्यांवरूनच कळतं. आणि जुना भाव सांगत असेल तर आठवण करून द्या, सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय.

बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागे बसवायला सांगा. बहुतेक पोरं सवयीने पुढे बसवतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. टायर ट्यूबलेस असतील तर व्हॉल्व्हही नवे घ्या, किरकोळ पैशांचं काम आहे.

स्टेपनी सगळेच विसरतात. (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिकडे तो कुणी फारसा बोलत नाही, आपण मात्र जपून ठेवलाय.) तिचीही तारीख आणि हवा बघून घ्या.

रामबागेतल्या गल्ल्या तुम्हाला ठाऊकच आहेत. गेटसमोरच्या उतारावर जॅक लावू देऊ नका. सकाळी लवकरची वेळ घ्या, गाडी सपाट जागी काढून ठेवा, गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, आणि मागेपुढे वीट. पावसाळ्यात उघड्यावर टायर चढवायला नकोच, रिमच्या कडेला चिखल अडकला की हवा हळूहळू उतरत राहते.

आणि बाबांना एवढंच काम सांगा. पोरांनी सामान आवरायला घेतलं की डिकीतला पाना काढून एक नट स्वतः सैल करून परत आवळायचा. सुटला तर पैसे द्यायचे. नाही सुटला तर ‘बेटा, जरा इधर आ’ म्हणायला त्यांना संकोच वाटणार नाही, इंदूरचे आहेत.