जांघेत गाठ आली आहे, घरचे अवधाण म्हणतात. हे नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की तीन दिवसांपासून डाव्या जांघेत बोराएवढी गाठ आहे, दाबली की दुखते, घरचे ‘अवधाण आहे, जाईल’ म्हणतात आणि तुम्हाला कॅन्सरच्या विचाराने झोप नाही. मी डॉक्टर नाही. धुळे जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पण अवधाणाशी माझी ओळख पुस्तकाच्या आधीची. सातवीत असताना तोडलेल्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या झाडाचा) खुंट टाचेत घुसला. बोलणी बसतील म्हणून घरी सांगितलंच नाही. दोन दिवसांनी लंगडायला लागलो तेव्हा आजीने जांघ चाचपली आणि म्हणाली, “पाय दखाड रे भाऊ.” दुखतंय वर आणि ही खाली काय शोधतेय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

रक्त केशवाहिन्यांत पोचलं की त्यातलं पाणी भिंतींतून झिरपून पेशींभोवती पसरतं, दिवसाला साधारण २० लिटर. त्यातलं १७ लिटरच्या आसपास तिथल्या तिथे रक्तात परत शिरतं. मागे उरतात ३ लिटर आणि सोबत गळालेली प्रथिनं. ते तसंच साचलं तर माणूस सुजेल. आमच्या पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्यावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यांत, बंधाऱ्याचं पाणी पाटाने, चाऱ्यांनी शेतात फिरतं आणि जास्तीचं परत नदीला जातं. शरीरातल्या अशाच परतीच्या चाऱ्या म्हणजे लसीकावाहिन्या, आणि त्यांतलं फिकट पाणी म्हणजे लसीका.

फडातलं पाणी उताराने धावतं. लसीकेला मात्र पायाच्या बोटापासून गळ्यापर्यंत चढायचं असतं, आणि तिच्यासाठी वेगळं हृदय नाही. वाहिन्यांत झडपा असतात, भिंती स्वतः थोड्या आकसतात, बाकीचं पोटरीचे स्नायू आणि श्वास करतात. धुळ्याहून रात्रभर एसटीत बसून पुण्याला उतरलं की चप्पल घट्ट होते, त्याचं एक कारण हेच. पोटऱ्या हललेल्याच नसतात.

दोन्ही पायांची आणि पोटाची लसीका कमरेच्या मणक्यांसमोर जमते. तिथून सुमारे ४० सेंटीमीटर लांबीची वक्षनलिका वर चढते आणि डाव्या कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत रिकामी होते. डावा हात आणि डोक्याची डावी बाजूही तिलाच मिळते. उजवा हात, डोक्याची नि छातीची उजवी बाजू, एवढ्यांचीच सोय उजवीकडे वेगळी. (परीक्षेत निम्मी पोरं इथे अर्धं-अर्धं वाटून मोकळी होतात.) म्हणूनच जठराचा कॅन्सर कधी कधी डाव्या कॉलरबोनच्या वर कडक गाठ होऊन दिसतो. पोटातलं पाणी तिथेच येऊन पोचतं ना.

आतड्यातली चरबीही याच वाटेने येते. तेल सुटलेलं वांग्याचं भरीत खाल्लं की त्यातलं बहुतेक तेल यकृताकडे न जाता आधी या वाहिन्यांत शिरतं आणि लसीका दुधासारखी पांढरी होते. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा त्याला असे पांढरे धागे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापला तर पांढरा द्रव बाहेर आला. उपाशी कुत्र्यात ते धागे दिसेनात.

आता तुमची गाठ. या वाटेवर शरीरभर ५००-६०० लसीकाग्रंथी आहेत, काखेत, मानेत, जांघेत जास्त. प्रत्येक ग्रंथीत पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि येणारं पाणी तपासतात. टाचेत जंतू शिरले की लसीकेबरोबर ते जांघेत पोचतात, तिथे पेशी भराभर वाढतात, ग्रंथी फुगते, ताणते, दुखते. हेच अवधाण. गाठ हा आजार नव्हे, आजार खाली कुठेतरी आहे. आजी टाच शोधत होती ती यासाठी.

म्हणून आधी डावा पाय नीट बघा. बोटांच्या बेचक्या, नखाची कड, टाचेच्या भेगा. काटा मोडून आत राहिला असेल, बेचकीत चिखल्या झाल्या असतील. काही सापडलं तर ते धुऊन, दाखवून बरं करा, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्या. गाठ उतरायला जखमेपेक्षा जास्त दिवस लागतात, त्याने घाबरू नका. तेल लावून चोळणं, गरम विटेचा शेक, हे मात्र करू नका.

जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. साखर असेल तर साध्या खरचटण्यालाही तोच नियम. आणि न दुखणारी, कडक, दोन-तीन आठवडे न उतरणारी किंवा वाढत जाणारी गाठ असेल, संध्याकाळचा ताप असेल, वजन घटत असेल, तर सुईने तपासणी करून घ्यावी लागते. मानेत अशा गाठींची माळ आली की जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. ती बहुतेक वेळा क्षयाची असते आणि औषधाने बरी होते. तंबाखूचा बार भरणाऱ्याच्या जबड्याखाली कडक गाठ आली, तर तोंड उघडून दाखवायला एक दिवसही थांबू नये.

तुमची गाठ दुखतेय आणि तीनच दिवसांची आहे, हे त्यातल्या त्यात चांगलं. मला टाचेतून खुंटाचा जो तुकडा काढून दिला, तो गव्हाच्या दाण्याएवढाही नव्हता.