फायनान्शियल एडमधून ऑफ-कॅम्पस अपार्टमेंटचं भाडं भरता येतं का?

तुमची लेक रटगर्सला (न्यू जर्सीतली युनिव्हर्सिटी) सेकंड इयरला जातेय, डॉर्म सोडून मैत्रिणींबरोबर न्यू ब्रन्सविकमध्ये अपार्टमेंट घ्यायचं म्हणतेय, आणि एडमधून (म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या ग्रँट, स्कॉलरशिप, लोनमधून) भाडं निघेल का असं तुम्ही विचारलंय. निघतं, अगदी नियमात बसतं. खरी डोकेदुखी तारखांची आहे, आपली मंडळी तिथेच अडकतात.

कसं असतं, एडचे पैसे आधी कॉलेजकडे जातात. कॉलेज त्यातून ट्यूशन आणि फी कापून घेतं आणि उरलं तर तो रिफंड मुलीच्या खात्यात येतो, भाडं त्यातून भरायचं. सेमिस्टर सुरू व्हायच्या फार तर १० दिवस आधी फेडरल एड जमा होते आणि जास्तीची रक्कम कॉलेजच्या खात्यावर दिसायला लागल्यापासून (वर्ग सुरू होण्याआधीच दिसली तर वर्ग सुरू झाल्यापासून) १४ दिवसांत कॉलेजने ती द्यावी असा नियम आहे, म्हणजे हातात पैसे यायला सप्टेंबर उजाडतो. घरमालक काही तोवर थांबत नाही, त्याला लीज सही करतानाच पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट लागतं (न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, कोणी मागितलं तर स्पष्ट नाही म्हणा). एवढी रक्कम तुम्ही आत्ताच बाजूला काढून ठेवा. पोरीला सप्टेंबरच्या रिफंडच्या भरवशावर ऑगस्टची लीज सही करू देऊ नका प्लीज.

दुसरं म्हणजे लीज बहुतेक १२ महिन्यांची आणि एड दोन सेमिस्टरची, साधारण ९ महिन्यांची. उन्हाळ्याचे तीन महिने कोण भरणार? समर जॉब, सबलेट (तेवढ्यापुरती खोली दुसऱ्याला भाड्याने देणं), काय ते आधीच ठरवा, आणि सबलेट चालतं का ते लीजमध्ये वाचा. चार मुली मिळून एकच लीज करत असतील तर एक मध्येच सोडून गेली तरी तिचा वाटा बाकीच्यांच्या गळ्यात येतो, त्यामुळे बेडरूमप्रमाणे वेगळी लीज मिळत असेल तर थोडी महाग पडली तरी मी तीच घ्या म्हणेन.

आता किती मिळेल. कॉलेज दरवर्षी कॉस्ट ऑफ अटेंडन्सचा, म्हणजे शिकण्या-राहण्याच्या वर्षाच्या एकूण अंदाजे खर्चाचा, आकडा काढतं, डॉर्मचा वेगळा, ऑफ-कॅम्पसचा वेगळा, आईवडिलांकडे राहणाऱ्यांचा वेगळा. सगळी एड मिळून त्या आकड्यावर जात नाही. म्हणून कॉलेजच्या रेकॉर्डवर हाउसिंग प्लॅन बरोबर आहे ना ते बघा, चुकून "विथ पेरेंट्स" राहिलं तर आकडा खाली येतो. आणि लीजच्या आधी एड ऑफिसला ईमेल करून विचारा की डॉर्म सोडल्यावर कुठली ग्रँट किंवा स्कॉलरशिप कमी होणार का, काही स्कॉलरशिप कॅम्पसवर राहण्याच्या अटीवरच असतात. उत्तर लेखी घ्या.

आकडा वाढला म्हणून पैसे आपोआप वाढत नाहीत हेही लक्षात ठेवा. सेकंड इयरला डिपेंडंट (एडच्या नियमांनुसार आईवडिलांवर अवलंबून धरलेल्या) मुलांना फेडरल डायरेक्ट लोन, म्हणजे मुलांच्या नावावरचं सरकारी लोन, फार तर ६,५०० डॉलर, थर्ड इयरपासून ७,५००, तेही किमान हाफ-टाइम क्रेडिट्स असतील तरच. ट्यूशन गेल्यावर त्यातलं कितीसं उरणार! मग लोक पेरेंट प्लस लोनकडे (आईवडिलांच्या नावावरचं फेडरल लोन) वळतात, त्याचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, भाड्यासाठी ते घेणं मला अजिबात पटत नाही.

५२९ मध्ये (शिक्षणखर्चासाठीचं टॅक्स-सवलतीचं बचत खातं) पैसे असतील तर ते आधी वापरा, भाडं आणि किराणा दोन्ही चालतं, फक्त कॉलेजच्या ऑफ-कॅम्पस आकड्यापर्यंतच, आणि खर्च ज्या वर्षात झाला त्याच कॅलेंडर वर्षात काढा. त्यावर काढलंत तर वरच्या रकमेतल्या वाढीवर टॅक्स आणि १० टक्के पेनल्टी. आणि हो, ट्यूशन, फी, पुस्तकं भागून ग्रँट किंवा स्कॉलरशिपचे पैसे भाड्याला गेले तर तेवढी रक्कम टॅक्सेबल होते. लोनचं तसं नाही.

पुण्याहून मास्टर्सला येणाऱ्या भाच्याचंही विचारलंत, एफ-वनवाल्यांना (स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना) फेडरल एड मिळत नाही. भारतातल्या बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर त्यात राहण्याचा खर्च धरलाय का आणि तो कधी, कोणाच्या खात्यात सोडणार हे सँक्शन लेटर घेतानाच विचारायला सांगा. ट्यूशन बँक थेट युनिव्हर्सिटीला पाठवते, पण पहिलं भाडं आणि डिपॉझिट त्याने वेगळं हाताशी घेऊनच विमानात बसावं.